आधी अक्षरं, मग रंग: मराठी-कन्नड-इंग्रजी चालणाऱ्या संगणकावर थीम लावायची रीत

काउंटरवरच्या संगणकाला कुणीतरी हौसेनं नवी काळी थीम लावतं. दिसते छान. मग एके दिवशी खातेदार वाकून स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "अहो अक्का, माझं आडनाव पुजारी, पजारी नव्हे." डेटात नाव बरोबरच असतं, पण स्क्रीनवरच्या चौकटीनं खालचा उकार कापलेला असतो. शेजारच्या यादीत मुतगेकरांचे मतगेकर झालेले असतात, आणि कन्नडमध्ये टाइप केलेल्या गावांच्या नावांखालची जोडाक्षरं अर्धी गायब असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात एकाच संगणकावर तीन लिप्या रोज लागतात. नाव मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, मेनू इंग्रजीत. थीम बनवणारे बहुतेक जण ती फक्त इंग्रजीत तपासतात. इंग्रजी अक्षराच्या वर वेलांटी-रफार चढत नाहीत आणि खाली जोडाक्षरं लटकत नाहीत. त्यामुळे तिकडे सुबक दिसणारी थीम आपल्याकडे अक्षरं खाते. लोक आधी रंग निवडतात, मग आयकॉन, आणि फाँटची आठवण सगळ्यात शेवटी होते. क्रम याच्या उलट हवा. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

पुढच्या पायऱ्या लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) हिची सिनॅमन आवृत्ती आणि विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी विंडोज न पेलणारी जुनी मशीनं त्यानंतर मिंटवर नेली जातायत, म्हणून मिंटबद्दल जरा जास्त लिहिलंय. मेनूंची नावं इंग्रजी इंटरफेसप्रमाणे दिली आहेत.

१. काय बदलायचं ते आधी ठरवा

थीम ही एकच वस्तू नसते. मिंटमध्ये तिचे चार भाग असतात आणि ते सुटे बदलता येतात: खिडक्या आणि बटणं म्हणजे 'ॲप्लिकेशन्स', 'आयकॉन्स', माउसचा पॉइंटर, आणि खालचा पॅनेल व मेनू म्हणजे 'डेस्कटॉप'. विंडोजमध्ये थीम म्हणजे वॉलपेपर, रंग, आवाज आणि पॉइंटर यांचा गठ्ठा. अक्षराचा आकार त्या गठ्ठ्यात येत नाही, तो वेगळीकडे असतो.

आता स्वतःला विचारा, अडचण काय आहे? डोळे दुखतात का? अक्षर बारीक दिसतं का? की फक्त रूप कंटाळवाणं झालंय? अक्षर बारीक असेल तर थीमला हात लावायची गरजच नाही, थेट तिसऱ्या पायरीवर जा. डोळे दुखत असतील तर आधी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा आणि रात्रीचा पिवळसर उजेड चालू करा. त्याला दोन्हीकडे 'नाइट लाइट' म्हणतात. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

जागाही बघा. खडेबाजारातलं पुढून उघडं दुकान असेल तर दिवसभर रस्त्यावरचा उजेड स्क्रीनवर पडतो. काळ्या स्क्रीनमध्ये मग समोरची वर्दळ आणि आपलाच चेहरा दिसतो, आकडे दिसत नाहीत. तिथे फिकट थीमच ठेवा. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये लांबून उभ्यानं बघायचं असतं, तिथे रंगापेक्षा अक्षराचा आकार मोठा हवा. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी ना काळी निवडावी ना रंगीत. मधली करडी, बिनरंगी थीम घ्या. भोवतालच्या रंगावर डोळा समोरचा रंग ठरवतो, आणि गडद निळ्या चौकटीत बघून जुळवलेला केशरी छापून आल्यावर वेगळा वाटतो.

सावधान: "काळी थीम ठेवली की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ चालतो" असं बरेच जण सांगतात. साध्या एलसीडी मॉनिटरमागचा दिवा चित्र काळं असो की पांढरं, तेवढाच जळतो. वीज वाचवायची तर ब्राइटनेस उतरवा. काळ्या रंगानं खरी बचत होते ती ओलेड पडद्यावर, म्हणजे मुख्यतः मोबाईलवर.

२. परतीची वाट करून ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि ती गाळल्यामुळेच रडायची वेळ येते.

आधी आत्ताच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढा: थीमचं पान, फाँटचं पान, डिस्प्लेचं पान. साधा उपाय आहे, पण संगणक सुरूच होत नसेल तेव्हाही फोटो हाताशी असतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स इथे जाऊन चालू थीम 'सेव्ह' करा आणि तिला ओळखू येईल असं नाव द्या, 'जुनी-काउंटर' असं काहीतरी. अक्षराचा आकार आणि डिस्प्लेचं स्केल यात जपलं जात नाही, त्यांचे आकडे कागदावर लिहा.

मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' चालवून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची आत्ताची प्रत, घ्या. पण टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमचं होम फोल्डर (तुमच्या खात्याच्या फाइलींचं) मुद्दाम सांगितल्याशिवाय जपत नाही. कागदपत्रांची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

यापुढची गोष्ट खरी कामाची. संगणकावर 'चाचणी' नावाचं दुसरं युजर खातं तयार करा आणि थीम आधी त्या खात्यात लावा. होम फोल्डरमध्ये टाकलेली थीम फक्त त्या खात्यापुरती राहते. काही बिघडलं तर ते खातं पुसलं की झालं, कामाच्या खात्याला धक्का लागत नाही.

तपासा: दोन्ही खात्यांचे पासवर्ड आठवतात का? कामाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: महिनाअखेरीला, व्याज काढायच्या दिवशी किंवा दहावीचे अर्ज भरायच्या आठवड्यात थीमला हात लावू नका. शनिवारी दुपारनंतरची वेळ बरी.

३. फाँट आणि अक्षराचा आकार, रंगाच्या आधी

संगणकाच्या मुख्य इंग्रजी फाँटमध्ये बहुधा देवनागरीही नसते आणि कन्नडही नसते. असं अक्षर समोर आलं की सिस्टीम दुसऱ्या फाँटातून ते उसनं आणते. विंडोजमध्ये भारतीय लिप्यांसाठी हे काम निर्मला यूआय करतो, आणि तो नीट करतो. तिथे सिस्टीमचा फाँट बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, शिरून बदलण्याच्या युक्त्या व्हिडिओत दाखवतात, त्या करू नका.

मिंटमध्ये फाँट तुम्हाला निवडता येतो, म्हणून जबाबदारीही तुमचीच. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नोटो आणि लोहित हे फाँट शोधा. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड दोन्ही असल्याची खात्री करा. दोन्ही एकाच कुटुंबातले असल्यानं शेजारी-शेजारी आले तरी एक मोठा आणि एक किरटा असं होत नाही. देवनागरीचे दहा-बारा फाँट भरून ठेवले आणि कुठला वापरायचा हे सांगितलं नाही, तर उसना कुठला येईल ते आपल्या हातात राहत नाही. कधीकधी मेनूत पत्रिकेवरचा नक्षीदार फाँट उगवतो तो यामुळेच.

मग सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'फाँट सिलेक्शन' उघडा. वजन 'रेग्युलर' घ्या. 'लाइट' किंवा 'थिन' घेऊ नका, कारण काळ्या पार्श्वभूमीवर बारीक शिरोरेषा तुटक दिसते आणि 'घ' कुठला, 'ध' कुठला ते कळत नाही. आकार इंग्रजीसाठी पुरतो त्यापेक्षा एक पॉइंट वाढवा. सगळंच मोठं हवं असेल तर 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.० वरून १.१ किंवा १.२ करा. एकदम १.५ वर जाऊ नका, खिडक्या स्क्रीनबाहेर जातात आणि 'ओके'चं बटणच सापडत नाही.

विंडोजमध्ये अक्षराचा आकार 'ॲक्सेसिबिलिटी' खाली 'टेक्स्ट साइज'मध्ये आहे. तो १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. 'डिस्प्ले'मधलं 'स्केल' ही वेगळी गोष्ट, त्यानं अक्षरासोबत बटणं आणि चित्रंही मोठी होतात. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटींची मापं ठरावीक असतात. तिथे नुसतं अक्षर वाढवलं की खालचा भाग कापला जातो. तेव्हा 'टेक्स्ट साइज' १०० वरच ठेवून 'स्केल' १२५ करून बघा.

आता अक्षर तपासायचं, आणि ते कोणत्या शब्दांनी तपासता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण 'बेळगाव' टाइप करतात आणि "बरोबर दिसतंय" म्हणून पुढे जातात. या शब्दात खाली लटकणारं काहीही नाही, वर फक्त एक मात्रा. कन्नडमध्ये 'बेळगावी' लिहिलं तरी तेच, त्यात एकही ओत्तक्षर (खाली बसणारं जोडाक्षर) नाही. शब्द असे घ्या:

मराठीसाठी: कुर्ली, येळ्ळूर, हिंडलगा, मुतगे, राष्ट्र, दुरुस्ती, तऱ्हा. 'कुर्ली'त खाली उकार आहे, वर रफार आणि वेलांटी एकत्र आहेत, म्हणजे एका शब्दात दोन्ही टोकं तपासून होतात. 'हिंडलगा'त वेलांटीसोबतचा अनुस्वार वरच्या कडेला घासतो का ते दिसतं.

कन्नडसाठी, कन्नड लिपीत टाइप करून: चिक्कोडी, निप्पाणी, हुब्बळ्ळी, कित्तूरु. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली बसतं. 'हुब्बळ्ळी'त अशी दोन आहेत. 'चिक्कोडी'त खाली ओत्तक्षर आणि वर ओकार, दोन्ही येतात.

या शब्दांच्या नावाची कोरी फोल्डर डेस्कटॉपवर बनवा. डेस्कटॉपवर, फाइलच्या यादीत, खिडकीच्या शीर्षकात आणि पॅनेलवर, अशा चारही ठिकाणी अक्षर अखंड दिसलं पाहिजे. ही फोल्डरं शेवटपर्यंत ठेवा, प्रत्येक पायरीनंतर लागतील.

सावधान: फाँटची साफसफाई करताना जुने श्रीलिपीचे किंवा नुडीचे फाँट उडवू नका. युनिकोडच्या आधीच्या फाइलींत अक्षरांचे संकेत त्या-त्या फाँटाप्रमाणे असतात. फाँट गेला की फाइल उघडते, पण आत इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि लोक थीमला दोष देतात.

४. थीम कुठून आणायची

मिंटमध्ये आधी जे आलंय तेच वापरून बघा. मिंट-वाय आणि तिचे रंगप्रकार आपल्या लिप्यांना बहुतेक ठिकाणी पुरेशी जागा देतात, आणि माझ्या मते काउंटरवरच्या कामाला त्यापलीकडे जायची गरज नाही. वेगळी हवीच असेल तर थीम्सच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा. तिथल्या 'ॲड/रिमूव्ह' टॅबमधून थेट उतरवता येते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या.

बाहेरून झिप उतरवलीत तर मिंटमध्ये ती होम फोल्डरच्या आत एका लपलेल्या फोल्डरमध्ये टाकायची असते. नावाच्या सुरुवातीला टिंब आणि पुढे इंग्रजीत 'थीम्स', सगळी लहान अक्षरं. आयकॉनसाठी तसंच 'आयकॉन्स'. लपलेली फोल्डरं कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतात, नसली तर बनवा.

थीम यादीत न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डबल फोल्डर. झिप उघडली की एका फोल्डरच्या आत त्याच नावाचं दुसरं फोल्डर तयार होतं आणि लोक बाहेरचं टाकतात. टाकलेलं फोल्डर उघडल्याबरोबर आत 'जीटीके' किंवा 'सिनॅमन' अशी नावं असलेली फोल्डरं दिसली पाहिजेत. तसं नसेल तर एक पातळी आत जाऊन आतलं फोल्डर उचला.

सावधान: थीम म्हणून एखादी चालवायची फाइल मिळाली, म्हणजे शेवटी 'ईएक्सई' असलेली, तर ती पुसून टाका. विंडोजच्या सिस्टीम फाइलीत फेरफार करून चालणाऱ्या थीमपासूनही लांब राहा. पुढचं अपडेट आलं की त्या मोडतात, आणि कधीकधी लॉगिनच होत नाही. लिनक्सवर हे घडत नाही असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या एका ग्लोबल थीमनं ती लावणाऱ्या माणसाच्या फाइली पुसून टाकल्या. तशा थीमबरोबर प्रोग्रामही येतो आणि तो तुमच्याच अधिकारानं चालतो. नुसते रंग आणि चित्रं असलेली थीम आणि आत स्क्रिप्ट असलेली थीम यात फरक करा. इन्स्टॉलसाठी पासवर्ड मागणारी, टर्मिनलमध्ये ओळ चिकटवायला सांगणारी थीम पतसंस्थेच्या संगणकावर नको.

५. लावण्याचा क्रम

'चाचणी' खात्यात लॉगिन करा. एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक बदलानंतर ती कुर्ली-हुब्बळ्ळीची फोल्डरं बघा. सगळं एकदम बदललं तर अक्षर नेमकं कशानं कापलं ते शोधता येत नाही.

पहिल्यांदा फिकट की गडद ते ठरवा. मिंटच्या थीम्सच्या पानावर फिकट, गडद आणि मिश्र असे पर्याय आहेत. मिश्रमध्ये पॅनेल गडद राहतो आणि खिडक्या फिकट. कार्यालयात मला हाच पर्याय सगळ्यात योग्य वाटतो.

मग 'ॲप्लिकेशन्स'. लावल्यावर फाइल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर आणि एखादी सेटिंगची खिडकी उघडून बघा. न चालणारी, फिकट केलेली बटणं निदान वाचता येतात का?

मग 'डेस्कटॉप', म्हणजे पॅनेल. इथे अक्षरं सगळ्यात जास्त कापली जातात, कारण पॅनेलची उंची ठरावीक असते. उकार कापला गेला तर पॅनेलवर उजवं क्लिक करून सेटिंग्जमध्ये उंची चार-सहा पिक्सेल वाढवा.

याच वेळी कीबोर्डचं चिन्ह तपासा. आपल्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन लेआउट फिरत असतात. मिंट पॅनेलवर देशाचा ध्वज दाखवत असेल तर मराठीलाही तिरंगा आणि कन्नडलाही तिरंगा, मग आत्ता काय टाइप होतंय ते कळत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमधल्या 'लेआउट्स' टॅबमध्ये ध्वज बंद करून नाव दाखवायला सांगा. आणि नव्या पॅनेलच्या रंगावर ते नाव ठळक दिसतं का बघा. अर्जात मराठी नावाच्या जागी कन्नड अक्षरं पडण्याची कितीतरी प्रकरणं या एका चिन्हापाशी सुरू होतात.

त्यानंतर आयकॉन. सेव्ह, प्रिंट आणि डिलीट यांची चित्रं ओळखीची राहिली पाहिजेत. सगळे आयकॉन एकाच रंगाच्या बारीक रेषांचे असले तर नव्या माणसाला सेव्ह कुठलं ते कळत नाही. शेवटी पॉइंटर. गडद थीमवर काळा पॉइंटर हरवतो, पांढरा आणि एक आकार मोठा घ्या.

ठळक रंग निवडताना, ज्याला 'ॲक्सेंट' म्हणतात, लाल टाळा. सॉफ्टवेअर चूक झाली की लाल दाखवतं. सगळीच बटणं लाल असली तर चूक झाल्याची सूचना त्यात बुडून जाते. जमा हिरवं आणि नावे लाल, एवढ्यावरही विसंबू नका, कारण काही लोकांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. सोबत शब्द किंवा अधिक-वजाचं चिन्ह हवंच.

तपासा: लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. मग संगणक पूर्ण बंद करून सुरू करा. दोन्ही वेळा थीम तशीच राहिली, तरच पुढे.

६. थीम न ऐकणारी सॉफ्टवेअरं

सगळीकडे गडद आणि एकच खिडकी पांढरीफटक, असं होणारच. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर ॲप मिळवायची वेगळी पद्धत) घेतलेली ॲप आणि काही नवी ॲप स्वतःचंच रूप ठेवतात. पासवर्ड देऊन ॲडमिनच्या अधिकारानं चालणाऱ्या खिडक्यांना तुमच्या होम फोल्डरमधली थीम दिसत नाही, म्हणून त्या वेगळ्या दिसतात. यात बिघाड काही नाही, सोडून द्या. ज्यांच्याकडे लक्ष द्यायलाच हवं ती ही:

ब्राउझर. 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून पहाणी (सातबारासारखा उतारा) काढणं असो, सेवासिंधूवरचा अर्ज असो की नाडकचेरीचा दाखला, फॉर्म भरताना वेबसाइट फिकटच ठेवा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, 'वेबसाइट अपिअरन्स' इथे 'लाइट' निवडा. ब्राउझरची चौकट गडद राहिली तरी चालते. पान जबरदस्तीनं काळं करणारी एक्सटेन्शन या कामाला बंद ठेवा. काळ्या चौकटीत काळं अक्षर येतं, कॅप्चाचं चित्र वाचता येत नाही, आणि सक्तीचा रकाना दाखवणारी तांबडी फुली दिसत नाही. रांगेतला माणूस खानापूरच्या जंगलपट्ट्यातून दोन बस बदलून आलेला असतो, त्याचा अर्ज एवढ्याशा कारणानं परत जाऊ नये.

लिबरऑफिस. गडद थीम लावली की नव्या आवृत्त्यांत लिहायचं पानही काळं होऊ शकतं आणि अक्षर आपोआप पांढरं दिसतं. इथपर्यंत ठीक, कारण 'ऑटोमॅटिक' रंगाचं अक्षर छापताना काळंच येतं. घोटाळा पुढे होतो. जुन्या पत्रात अक्षराला मुद्दाम काळा रंग दिलेला असतो, तो काळ्या पानावर दिसत नाही. मग कुणीतरी सगळं सिलेक्ट करून पांढरा रंग देतं, स्क्रीनवर झकास दिसतं, आणि प्रिंटरमधून कोरा कागद बाहेर पडतो. उपाय असा: टूल्स, ऑप्शन्समध्ये 'ॲप्लिकेशन कलर्स'खाली पानाचा रंग पांढरा ठरवून टाका. नव्या आवृत्तीत हे 'अपिअरन्स' नावाखाली आहे. आयकॉन दिसेनासे झाले तर त्याच ऑप्शन्समध्ये गडद थीमसाठीची आयकॉन शैली निवडा.

हिशेबाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर. याचे रंग बरेचदा त्याच्या आतच ठरलेले असतात. थीमनं फक्त अक्षराचा रंग पांढरा केला आणि सॉफ्टवेअरनं पार्श्वभूमी पांढरीच ठेवली, तर रकाना रिकामा दिसतो. रिकामा समजून कुणी त्यात पुन्हा आकडा टाकला तर जुना पुसला जातो. म्हणून अशा संगणकावर पूर्ण गडद थीम लावूच नका, हे मी ठामपणे सांगेन. गिम्पसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरला स्वतःची थीम असते, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिथे करडी निवडा.

७. कामाच्या जागी परीक्षा

चाचणी खात्यात खरंखुरं काम करून बघा. एक मराठी पत्र, एक कन्नड अर्ज, एक पावती, तिन्हींची छपाई. प्रिंट प्रीव्ह्यूवर थांबू नका, कागद हातात घ्या.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, नुसत्या नजरेनं ठरवू नका. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या अक्षराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षराला ३ ला १ हे प्रमाण धरलंय, आणि डेस्कटॉपलाही ते लागू करायला हरकत नाही. काळ्यावर पांढरं २१ ला १ असतं. शुद्ध पांढऱ्यावर ७६७६७६ या क्रमांकाचा करडा ४.५४ ला येतो, म्हणजे पास. त्याहून किंचित फिकट ७७७७७७ हा ४.४८ ला, म्हणजे नापास. 'आधुनिक' म्हणवणाऱ्या थीममधलं करड्यावर करडं अक्षर बहुतेकदा या रेषेच्या खाली असतं. देवनागरीत आणि कन्नडमध्ये बारीक खुणाच अर्थ बदलतात, तेव्हा जमलं तर ७ ला १ कडे जा. रंगांचे क्रमांक टाकले की प्रमाण सांगणारी साधनं ऑनलाइन फुकट आहेत.

मग दुपारी दोनच्या उजेडात बघा, संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात बघा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, कारण बॅटरीवर ब्राइटनेस आपोआप उतरतो. पन्नाशीपुढच्या सहकाऱ्याला खुर्चीवर बसवा, काहीही न सांगता "यातली शेवटची नोंद वाचा" म्हणा. ते पुढे वाकले की अक्षर अजून लहान आहे.

तपासा: कीबोर्डचा टॅब दाबत फॉर्ममधून पुढे जा. कर्सर आत्ता कुठल्या रकान्यात आहे ते प्रत्येक वेळी स्पष्ट दिसलं पाहिजे. काही देखण्या थीम ही चौकटच काढून टाकतात, आणि माउसशिवाय भराभर नोंदी करणाऱ्या माणसाचा हात तिथे अडतो.

८. बाकीच्या संगणकांवर लावताना

शाळेच्या लॅबमध्ये किंवा चार काउंटरांच्या संस्थेत आधी एकाच संगणकावर दोन-तीन दिवस चालू द्या. तक्रार आली तर नेमका शब्द आणि नेमकी खिडकी विचारा, "बरं दिसत नाही" एवढ्यावर सेटिंग हलवू नका.

विंडोजमध्ये जपलेल्या थीमवर उजवं क्लिक करून 'सेव्ह थीम फॉर शेअरिंग' केलं की एक फाइल मिळते, ती दुसऱ्या संगणकावर उघडली की थीम लागते. अक्षराचा आकार आणि स्केल मात्र प्रत्येक ठिकाणी हातानं लावा. मिंटमध्ये थीमचं फोल्डर पेनड्राइव्हनं न्या, पण तिथेही आधी फाँट, मग थीम. लॉगिनच्या स्क्रीनला होम फोल्डरमधली थीम लागत नाही, ती तशीच राहू द्या.

लॅबमध्ये सगळ्या संगणकांवर एकच थीम ठेवा. सर-बाई पुढून "उजवीकडचं निळं बटण" म्हणतात तेव्हा प्रत्येक मुलाच्या स्क्रीनवर ते निळंच असायला हवं. ज्या मुलाला कमी दिसतं त्याच्या खात्याला मात्र वेगळी, मोठ्या अक्षराची आणि जास्त कॉन्ट्रास्टची थीम द्या. विंडोज ११ मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खाली 'कॉन्ट्रास्ट थीम्स' त्यासाठीच आहेत.

९. बिघडलं तर

मिंटमध्ये पॅनेल गायब झाला किंवा मेनू उघडेना, तर कंट्रोल, आल्ट आणि एस्केप एकत्र दाबा. सिनॅमन नव्यानं सुरू होतं आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. त्यानंतर थीम्समध्ये जाऊन मिंट-वाय निवडा. तरीही जमेना तर लॉगआउट करून दुसऱ्या खात्यातून आत या. थीम सगळ्या सिस्टीमसाठी लावली असेल आणि दुसरं खातंही अडलं, तर टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट परत लावा.

अक्षराऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर थीमचा संबंध नाही, त्या लिपीचा फाँट नाही. तिसऱ्या पायरीवर परत जा. अक्षर दिसतं पण वेलांटी भलत्याच जागी बसते, असं एखाद्याच सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर त्या सॉफ्टवेअरला आपल्या लिप्या नीट जुळवता येत नाहीत. थीम बदलून ते सुधारणार नाही, नवी आवृत्ती शोधा.

विंडोजमध्ये अचानक सगळी स्क्रीन काळी आणि अक्षरं भडक रंगांची झाली, तर बहुधा डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्या गेल्यात. त्यानं कॉन्ट्रास्ट थीम चालू होते. त्याच तीन कळा पुन्हा दाबा, आधीची थीम परत येते. या कळा आणि मिंटच्या तीन कळा एका चिठ्ठीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जुन्या थीमचं नाव, अक्षराचा आकार आणि स्केलचा आकडा लिहा.